सात-पाचचं दार

“अगं, तुझ्या आईने घड्याळ गिळलंय की काय?”

शेजारच्या टेबलावरची चाचणीवाली खुर्ची सरकवत तिच्या संगणकाच्या पडद्यात डोकावली होती. ऑफिसात तिला सगळे शंका म्हणत. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढणं हे तिचं काम, आणि ती ते जेवतानाही करी.

“का गं?”

“सात-पाचला दार उघडलं. कालही सात-पाच, परवाही सात-पाच. माझी आई दूध आणायला म्हणून उतरते आणि शेजारणीकडे तास घालवून दुधाविनाच वर येते.”

“आमची शिस्तीची आहे,” ती हसून म्हणाली.

हसली खरी, पण हात माऊसवरून उचलला गेला नाही.

ती प्लगइन लिहायची. चौदा वर्षं तेच. कंपनीचं एक साधन होतं, आकडे गोळा करणारं. दर दहा सेकंदांनी ते शेकडो यंत्रांच्या दाराशी जाई आणि विचारी, कसं आहेस, किती तापलंस, किती काम उरलंय? यंत्रांची बोली मात्र ज्याची त्याची. मध्ये दुभाषी लागे, तो दुभाषी म्हणजे प्लगइन. असे दोनेकशे दुभाषी तिने घडवले, बोलके केले आणि वाटेला लावले. ते कुणी घडवले हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे.

यंत्रांच्या त्या लांबलचक यादीत सगळ्यात खाली एक नाव होतं : आई.

चार महिन्यांपूर्वी भाऊ म्हणाला होता, “आईला ऐकू येत नाही, जिना चढवत नाही. मी घेऊन जातो तिला.” आई म्हणाली, मी माझ्या घरात बरी. तेव्हा ही मध्ये पडली.

“मी लक्ष ठेवते. काही झालं तर दहा सेकंदांत कळेल मला.”

“आणि नाही कळलं तर?”

“तर ने तुझ्याकडे. मी एक शब्द बोलणार नाही.”

मग आईच्या दाराला, नळाला आणि स्वयंपाकघरातल्या दिव्याला तिने बोटभर लांबीची यंत्रं चिकटवली. त्यांची खबर पोचवणारी डबी कोपऱ्यात प्लगला लावली. आईला फोन ऐकू येत नसे, त्यामुळे पूर्वी ती दर दोन दिवसांनी खालच्या शिवणवाल्याला फोन करून निरोप विचारी. डबी आल्यापासून तेही सुटलं. दिसतंय ना सगळं. नळ सुटला, आई उठली. दिवा लागला, आई रांधतेय. कामाच्या गर्दीत ती मान वर करून बघे, रेष हललेली दिसे, आणि जीव निवे.

आता तिने रेष ओढून मोठी केली. सात-पाचला दार उघडलं, मिटलं. सात-नऊला दार उघडलं. सात-दहाला मिटलं.

कालही सात-नऊ. परवाही सात-नऊ.

रोज कोण बाहेर पडतं आणि चार मिनिटांनी परत येतं?

ती रेषेवर मागे, आणखी मागे जात राहिली. दार उघडत होतं, दार मिटत होतं. रात्री दोन-वीसला दिवा लागत होता, दोन-एकतीसला विझत होता. आईला झोप लागत नाही, असं वाटून ती हळहळायची त्या दिव्यापाशी. आज तिने त्याच दिव्यावर बोट ठेवलं. दोन-वीसला उठून पाणी प्यायची सवय आईची नव्हती. तिची स्वतःची होती.

एकोणीस दिवसांपूर्वी ती आईकडे राहिली होती. सकाळी निघाली, फाटकापर्यंत गेली, किल्ल्या विसरल्या म्हणून परत आली. आई तळहातावर किल्ल्या घेऊन उभी होती. बस चुकेल म्हणून तिने त्या उचलल्या आणि वळली, एवढंच.

म्हणजे गेले एकोणीस दिवस ती रोज सकाळी आईच्या घरातून निघत होती. रोज किल्ल्या विसरत होती. रोज परत येत होती आणि रोज न थांबता जात होती.

“शंके,” ती म्हणाली. “भोकं बुजवायचं ते प्लगइन सगळ्यांनाच लागू आहे का गं?”

“तूच तर लावलंस. साहेबांनी टाळ्या पिटल्या होत्या.”

पिटल्या होत्या खऱ्या. एखादं यंत्र गप्प राहिलं की रेषेत भोक पडे, आणि भोक दिसलं की ग्राहक फोन करी. साहेब म्हणाले, बुजवा. तिने दोन दिवसांत लिहून दिलं : उत्तर आलं नाही, तर काल याच वेळी जे आलं होतं ते ठेव. तासाभराचं मौन झाकायला लिहिलं होतं. पण मौन सरलंच नाही तर कालचा दिवस आज होतो, आजचा उद्या होतो, आणि एकच दिवस फिरत राहतो, हे कुणी तपासलं नव्हतं. शंकेनेसुद्धा.

तिने आईपुरतं ते प्लगइन काढलं.

पडदा पांढरा झाला. दार नाही, नळ नाही, दिवा नाही. शेवटचं खरं उत्तर एकोणीस दिवसांपूर्वीचं, संध्याकाळी सहा-चाळीसचं.

शिवणवाल्याने तिसऱ्या खेपेला फोन उचलला. “मी लेकीकडे आलोय ताई, पंधरा दिवस झाले. का हो, आजींचं काही…?”

“नाही, सहज,” ती म्हणाली आणि पर्स उचलून धावत सुटली.

पाच तासांची बस. चारच्या उन्हात ती जिना चढली. शिवणवाल्याचं शटर खाली होतं, त्यावर धूळ. वर आईचं दार नुसतं लोटलेलं. तिने बोट लावलं तसं ते आवाज न करता आत गेलं.

“आई?”

हाक मारून उपयोग नव्हता, तरी मारली. स्वयंपाकघर अंधारं. ओटा पुसलेला, भांडी पालथी, नळ कोरडा. पुढच्या खोलीत दाराकडे तोंड करून ठेवलेल्या खुर्चीत आई बसली होती. मान कललेली, डोळे मिटलेले, हात मांडीवर एकावर एक.

पाच पावलांची ती खोली ओलांडायला तिला किती वेळ लागला, देव जाणे. तिने आईच्या खांद्याला हात लावला.

आईने डोळे उघडले.

“आलीस?” ती म्हणाली. जणू लेक भाजी घेऊन आली असावी.

ती आईच्या गुडघ्यांशी बसलीच. आईला ओठ वाचता यावेत म्हणून तोंड वर केलं. “डबी बंद आहे आई. कधीपासून?”

“मीच काढली. तू गेलीस त्या संध्याकाळी.” आईच्या आवाजात तक्रार नव्हती. “तू म्हणाली होतीस ना, दहा सेकंदांत कळतं. म्हटलं, काढली की येशील. तुझ्यापुरता भातही टाकला. मग म्हटलं कामात असेल, उद्या येईल.”

“मला रोज दिसत होतीस तू. दार उघडताना, दिवा लावताना…”

आईने तिच्या ओठांकडे नीट पाहिलं. मग रिकाम्या स्वयंपाकघराकडे पाहिलं, कुणी आहे का ते बघावं तसं.

“मी तर हल्ली सूर्य बुडाला की अंथरुणाला पाठ टेकते, दिवासुद्धा लावत नाही. मग ती कोण होती गं?”

आईने तिच्या केसांवरून हात फिरवला, एकदा, दोनदा.

“तुझ्या भावाला पत्र टाकलंय. रविवारी न्यायला येतोय. रागावू नकोस. तिथे निदान कुणीतरी हात लावून उठवेल.”

ती गप्प राहिली. शब्द दिलेला होता.

आई खुर्चीच्या हातांवर भार देत उठली आणि दाराशी गेली.

“कडी लावत नव्हते इतके दिवस,” पाठमोरीच ती म्हणाली. “तू वाजवलंस तर मला कुठे ऐकू येणार.”

तिने कडीला हात घातला. इतक्या दिवसांत न हललेली कडी जाम झाली होती. लेक उठू लागली तशी आईने मागे न बघता हातानेच तिला थांबवलं, दोन्ही हातांनी जोर लावला, आणि दार नीट बंद केलं.