कपाळावरचं बटण

"हरिसिंग दुपारी येते म्हणे," विकास दारातूनच म्हणाला. "तवर ते डबडं बाहेर काढून ठेव."

साधना टेबलाखाली गुडघ्यांवर बसली होती आणि तिच्या ओठांत स्क्रू धरलेले होते. एरवीही तिने उत्तर दिलं असतं असं नाही, पण आज निदान कारण तरी होतं. तिचा नवरा मेथीच्या जुड्या बांधायला अंगणात गेला.

हरिसिंग म्हणजे कामरगावचा भंगारवाला. आणि डबडं म्हणजे साधनाचा कॉम्प्युटर, जो तिने माहेराहून आणला होता. लग्नाआधी तिने वाशिमला कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स केला होता. लग्नानंतर त्या कोर्सचा उपयोग झाला तो सासूच्या मिक्सरची वायर जोडायला. पण कॉम्प्युटर मात्र चालत राहिला. घराच्या पुढच्या खोलीत बसून ती लग्नाच्या, बारशाच्या, वास्तूच्या पत्रिका करायची आणि छापायला कारंजाला पाठवायची. 'भगवंतरावाची सून पत्रिका करते' हे आसपासच्या गावांत माहीत होतं. तिचं नाव कुणाला माहीत नव्हतं, पण काम माहीत होतं.

सासूच्या, म्हणजे तुळसाबाईंच्या, तेरवीनंतर तिने पहिल्यांदा तो लावायला घेतला, तर लागेना. विकास म्हणाला, आईच्या मागंच गेला समज. मग म्हणाला की आता पत्रिका मोबाइलवर होतात, गाण्यासकट होतात, फुकट होतात. आणि पुढच्या खोलीत स्प्रिंकलरचे पाइप ठेवता येतील, गोठ्यात उंदीर कुरतडतात. यातलं काहीच खोटं नव्हतं, म्हणूनच साधनाला भांडता येईना. डबा गेला की टेबल जाणार होतं आणि टेबलामागून खोली. मग त्या घरात तिचं म्हणावं असं काय राहणार होतं? गॅसची शेगडी.

म्हणून आज तिने सकाळीच स्वयंपाक उरकला आणि कोर्समध्ये शिकवलं होतं तसं पहिल्यापासून सुरू केलं. आधी भिंतीवरच्या बोर्डात मोबाइलचा चार्जर लावून पाहिला. वीज होती. मग मॉनिटरची वायर काढून डब्याला लावली, काही फरक नाही, परत जागी लावली. प्लग काढून डब्याची बाजू उघडली तर आत चार उन्हाळ्यांची धूळ आणि एक मेलेली पाल. दोन्ही साफ केलं. मेमरीची पट्टी काढली, खोडरबराने तिचे दात घासले, परत बसवली, प्लग लावून समोरचं मोठं गोल बटण दाबलं. डबा ढिम्म.

मग आतल्या पॉवर सप्लायची पाळी. तो जळला असेल तर खेळ संपला, कारण नवा आणायला विकास काही कारंजाला जाणार नव्हता. तिने प्लग काढून सप्लायची जाड वायर आतल्या मदरबोर्डातून उपटली, केसांतला आकडा काढला आणि हिरव्या वायरीचं भोक काळ्या वायरीच्या भोकाशी जोडलं. प्लग लावताच मागचा पंखा घरघरत फिरायला लागला. म्हणजे सप्लाय जिवंत होता.

वायर परत बसवली. आत बोर्डावर बारीकसा हिरवा दिवा लागला. आता दोनच गोष्टी उरल्या. एक तर बोर्ड गेला, किंवा बटण. बोर्ड असेल तर हरिसिंगला चहा करून द्यायचा आणि डबा उचलायला हातही लावायचा. साधनाने बटणाची वायर बोर्डावरून काढली आणि तिच्याखालच्या दोन बारीक खुंट्यांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवलं.

सगळे पंखे एकदम फिरले. पडद्यावर अक्षरं आली.

मग तिने परत सगळं बंद केलं आणि डब्याचं तोंड उजेडाकडे वळवलं. बटण हल्ली जड लागत होतं हे खरं. पण दाबल्यावर 'टक्' असा जो आवाज यायचा तो येत नव्हता, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. बटणाच्या कडेच्या फटीत लाल काहीतरी घट्ट बसलं होतं. तिने सुईने टोकरलं. एक खपली निघाली. वरून लाल, आतून पिवळी.

दसऱ्याला सासूबाई विळा, खुरपी आणि फवारणीच्या पंपासोबत कॉम्प्युटरचीही पूजा करायच्या, ते साधनाला माहीत होतं. पण दसऱ्याच्या टिळ्याने एवढा थर बसत नाही.

भगवंतराव बाहेरच्या ओट्यावर बसले होते. तिने खपली त्यांना दाखवली आणि विचारलं. सासऱ्यांनी तो तुकडा तळहातावर घेतला.

"तुई सासू लावे," ते म्हणाले. "दर शुक्रवारी. तू आंगोयीले गेली का, हयद-कुंकू वलं करे आन् त्या गोल बटनाले लावे. मी म्हनलं, काहून वं, मशीनले कायचं कुंकू? त मले म्हने, ते त्याचं कपाय हाये. इतक्याइचे लग्न लावते, त्याचं कपाय कोरडं कायले ठेवाव?"

साधनाला हसू आलं आणि त्याबरोबरच डोळ्यांत पाणीही आलं. पदराने पुसायला हात उचलला तर हात धुळीने काळे. रोज वापर होता तोवर बटण हलत राहिलं. तेरवीपर्यंत डबा बंद होता, तेवढ्या दिवसांत तो ओला लेप आत वाळून सिमेंट झाला होता. तुळसाबाईंना वाचता येत नव्हतं. प्रत्येक पत्रिका झाली की त्या पडद्यापाशी येऊन गणपती सगळ्यांत वर आहे ना एवढं बघायच्या. आणि डब्यावरचा हिरवा दिवा लागला की स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायच्या, "आला जीव." रोज.

हरिसिंग आला तेव्हा साधना पुन्हा टेबलाखाली होती. त्याने वजनकाटा दारात ठेवला आणि विकासला म्हणाला, दाखवा. विकासने बोट केलं. साधनाने बाहेर न येताच सांगितलं की मशीन चालू आहे, फक्त बटण खराब आहे. विकास म्हणाला, आज चालू आहे, उद्या परत बंद पडेल.

"उद्या बंद पडलं त उद्या येतो," हरिसिंग म्हणाला. "चालू वस्तू मी नाई नेत भाऊ. बाई हात काये करून राह्यली, आन् मी काट्यावर कसं चढवू?"

त्याने फुटका पंप आणि गंजलेली कढई काट्याला लावली आणि तो गेला. बायकोच्या हातांकडे विकासने पाहिलं, मग तिच्यामागच्या भिंतीकडे, जिथे त्याने मनात पाइप रचून ठेवले होते. मग ओला फडका घेऊन आला आणि खाली बसला.

"थांब, ते बटन साफ करून देतो."

"नोका करू," साधना म्हणाली. "ते आईनं लावेल हाये."

विकासला काही कळेना. ओट्यावरून भगवंतरावांनी त्याला हाक मारली आणि काय ते सांगितलं. विकास परत आला तेव्हा फडका त्याच्या हातात नव्हता. पाइप माळ्यावर टाकता येतील, असं काहीतरी तो पुटपुटला आणि मेथीकडे गेला.

मोठ्या बटणाखाली एक छोटं बटण होतं. मशीन अडकलं तर नव्याने चालू करायचं, एरवी कुणी हात न लावायचं. साधनाने त्या छोट्या बटणाची वायर बोर्डावर मोठ्या बटणाच्या वायरीच्या जागी बसवली, डब्याची बाजू लावली आणि टेबलावर काढून ठेवलेले स्क्रू एकेक करून आवळले. कुंकवाला धक्का लावला नाही. मग उठून हात धुतले, पदर नीट केला आणि खुर्चीवर बसून छोटं बटण दाबलं.

टक्. पंखा घरघरला. हिरवा दिवा लागला.

सवयीने तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. ओट्यावर भगवंतरावांचं खोकणं थांबलं होतं, अंगणात विकासचे हात जुडीवर थांबले होते, असं तिला वाटलं. कुणीतरी म्हणायला हवंच होतं.

"आला जीव," ती घरात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, आणि पडद्यावर नवीन पान उघडून तिने गणपती सगळ्यांत वर ठेवला.