टबातले आठ दगड

“रंग कोणता आला?”

आतल्या खोलीतून यांचा आवाज आला तेव्हा मी बाथरूमच्या खिडकीशी काचेची नळी उजेडात धरून उभी होते. नळीतलं पाणी पिवळं होतं. शंकेला जागाच नाही इतकं स्वच्छ पिवळं.

“हिरवा!” मी ओरडले.

“फिका की गडद?”

“मध्यम.”

“मध्यम म्हणजे काय? तक्त्यावर मध्यम नावाचा रंग नाहीये. तक्ता शेजारी धरलायस ना?”

“धरलाय हो! वरून तिसरं घर. लिहा.”

“बरं, सिस्टर,” हे म्हणाले, आणि वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

एकतीस वर्षं मी डायलिसिसच्या वॉर्डात काढली. कुणाचं वजन असो, कुणाचा रक्तदाब असो, मशीनला जाणारं पाणी असो, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी तक्त्यावर आकडा घातला नाही. नव्या पोरी अंदाजाने लिहायच्या, तेव्हा त्यांची अशी हजेरी घ्यायचे की त्या मला पाहून जिना बदलायच्या. आणि आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाल्यावर, स्वतःच्या बाथरूममध्ये, सलग तिसऱ्या दिवशी मी खोटं रीडिंग देत होते. तेही दगडांचं.

हे दगड यांचे. आमचे हे लिफ्टचे मेकॅनिक. सगळी नोकरी लिफ्टच्या खड्ड्यात आणि छपरावर गेली, आणि हौस मात्र समुद्राची. बाहेरच्या खोलीत दोन फुटांची टाकी, त्यात खारं पाणी, दोन-चार मासे, दगडांचा ढीग आणि कोरल. कोरल म्हणजे दिसायला दगड, पण आहे प्राणी. दिवसा त्यातून हिरव्या टोकांची बोटं बाहेर येतात आणि पाण्यात डुलत राहतात. त्यातलं एक कोरल यांनी अकरा वर्षांपूर्वी नखाएवढं आणलं होतं, ते वाढून तळहाताएवढं झालं, एकाची तीन तोंडं झाली. यांनी माझ्या वाढदिवसाची तारीख दोनदा विसरून दाखवली आहे. कोरलला दुसरं तोंड कधी फुटलं ते वारासकट सांगतात.

तर दीड महिन्यापूर्वी हे त्याच टाकीची काच पुसायला स्टुलावर चढले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं. चाळीस वर्षं मजल्यामजल्यांच्या मध्ये लोंबकळलेला माणूस, पडला कुठून, तर दीड फुटाच्या स्टुलावरून! ऑपरेशन झालं. मी दवाखान्यात यांच्या उशाशी असताना घरी वीज जाऊन आली, पंप काही परत सुरू झाला नाही. घरी येऊन बघते तर मासे गेलेले, दगड सडलेले. वाचलं ते हे एक कोरल, आणि ते ज्यावर चिकटलं होतं तो दोन मुठींएवढा जुना दगड.

आता या हौशीतली गोम अशी, की खाऱ्या टाकीत पाणी साफ ठेवायचं काम दगडच करतात. त्यांच्या भोकाभोकांतून न दिसणारे जीव राहतात, ते घाण खातात. म्हणून त्याला जिवंत दगड म्हणतात. यांनी पलंगावरून फोन करून तसे आठ दगड मागवले. फिशटँकवाला ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला. प्रवासात त्यांच्यावरचं निम्मं-अर्धं जीवन मरतं आणि सडायला लागतं. ते सडून संपेपर्यंत दगड वेगळ्या टबात खाऱ्या पाण्यात ठेवायचे, मधूनमधून पाणी बदलायचं, रोज नळीत थेंब टाकून रंग बघायचा. हिरवा आला तर विष आहे, पिवळा आला तर पाणी निवळलं. तीन-चार आठवडे लागतात. याला हे ‘दगड मुरवणं’ म्हणतात. तोवर कोरल बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या डब्यात, त्या जुन्या दगडावर, माझ्या जिवावर. डब्यात ते फार दिवस काढणार नाही, असंही यांनी मला रोज सकाळी न चुकता सांगितलं.

बाथरूमच्या दारावर यांनी माझ्याकडून कागद चिकटवून घेतला. लिफ्टमध्ये लावतात तशा सूचना, स्वतःच्या ठळक अक्षरात: ‘साधे पाणी वापरू नये. साबण, औषध वापरू नये. उन्हात ठेवू नये.’ खाली एक रेघ.

आणि वास! काय सांगू त्या वासाबद्दल. वॉर्डात मी काय काय हुंगलं आहे, पण हा वास केसांत बसायचा. यांची बहीण भेटायला आली ती दारातच थबकली.

“वहिनी, घरात काय मेलंय का?”

“मेलंय, पण पूर्ण नाही,” मी म्हटलं.

“दादाला एवढी जखम आणि तुम्ही घरात ही घाण ठेवता? तुम्ही नर्स ना?”

वन्सं चहा न घेताच गेल्या. पण ते वाक्य मागे ठेवून गेल्या. कारण ते माझ्याच मनातलं होतं.

बुधवारी दुपारी मी यांची पट्टी बदलली. टाके निघाले होते, पण जखमेचं एक टोक अजून ओलसर होतं. त्या दिवशी त्याच्या बाजूने लाल पट्टा दिसला. मी वर नवी पट्टी लावली. लालीपासून सुरुवात होऊन पुढे काय काय होतं ते मी पाहिलेलं आहे, इतक्या जणांचं पाहिलेलं आहे. हात धुवायला बाथरूममध्ये गेले, तर टबावर फेस, घाणेरडा करडा तवंग, आणि वरच्या दगडातून केसाळ किडा अर्धा बाहेर येऊन वळवळत होता. पलीकडच्या खोलीत उघडी जखम, आणि इथे हे.

त्यानंतरचं मी ठरवून केलं असं म्हणता येणार नाही आणि चुकून केलं असंही नाही. एकतीस वर्षांचा हात होता, तो माझ्याआधी कामाला लागला. ब्लीचची बाटली घेतली. टबात अर्धी ओतली. ब्रश घेऊन आठही दगड घासले, नळाखाली खळाखळा धुतले, पुन्हा घासले आणि गच्चीत कडक उन्हात मांडले. तीनही सूचना एका तासात निकालात! वॉर्ड धुतल्यावर वाटायचं तसं हलकं वाटत होतं मला. संध्याकाळी दगड उचलायला गेले तेव्हा ते पांढरे पडले होते. जांभळे, हिरवे, विटकरी डाग होते, ते सगळे गेले होते. हाडं मांडून ठेवावीत तसे दिसत होते. मी गच्चीच्या कठड्यावर हात टेकून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी यांचा व्यायाम घ्यायला फिजिओथेरपीची मुलगी येते ती आली. लाली बघून म्हणाली, “काकू, ही चिकटपट्टीची ॲलर्जी आहे. दुसरी पट्टी वापरा, जाईल दोन दिवसांत.” पट्टी बदलली आणि लाली गेली. इतका संताप आला मला. त्या मुलीचा, चिकटपट्टीचा, वन्संचा, आणि सगळ्यांत जास्त माझा.

सांगायला हवं होतं. तेव्हाच. पण जेव्हा जेव्हा तोंड उघडावं तेव्हा हे डब्याबद्दल विचारायचे. “आज किती उघडलंय गं? तिन्ही तोंडं उघडी आहेत ना?” आणि मी काय सांगणार? की त्याचं नवं घर मी धुऊन मारून टाकलंय? मी नवं खारं पाणी कालवलं, क्लोरिन मारायचे थेंब घातले, पांढरे दगड टबात ठेवले, पंप लावला. पंपाची घरघर यांना ऐकू जात होती. झाकण लावलं. मेलेल्या दगडात सडायला काही उरलं नव्हतं, म्हणून नळी पिवळी. आणि नऊ दिवसांत पिवळी नळी येते हे कुणी मानलं नसतं, म्हणून मी ओरडायचे, हिरवा. पुढचे तीन आठवडे रंग कसाकसा फिका करत न्यायचा, हेही मी मनात ठरवून टाकलं होतं. खोटं बोलायला लागलं की माणूस किती पद्धतशीर होतो!

रविवारी सकाळी पुन्हा हिरवा सांगून झाला, तोच व्यायामवाली मुलगी आली आणि म्हणाली, “काका, आज वॉकर घेऊन बाहेरच्या खोलीपर्यंत जायचं.”

“आज नको,” मी म्हटलं. “थकलेत ते.”

“मी कुठे थकलोय?” हे म्हणाले.

गेले. डब्यापाशी थांबले. वाकता येईना, तसेच वरून बघत राहिले. तीन तोंडांपैकी दोन आक्रसून खिळ्याच्या डोक्याएवढी झाली होती. तिसरं अर्धवट उघडं. मग वॉकर बाथरूमच्या दिशेने वळवला.

“अहो, तिकडे कुठे? फरशी ओली आहे!”

“कोरडी आहे, काकू,” ती मुलगी उत्साहाने म्हणाली. “वा, काका! अजून पाच पावलं. मस्त!”

तिचं तोंड बंद करावंसं वाटलं मला. दारापाशी पोचून यांनी स्वतःच लावलेल्या सूचना वाचल्या, सावकाश, जणू पहिल्यांदाच वाचताहेत. मग म्हणाले, “झाकण काढ.”

मी त्या मुलीला पाणी आणायला स्वयंपाकघरात पाठवलं आणि झाकण काढलं.

“मी ब्लीचने धुतले,” मी म्हटलं. “बुधवारी. तुमची जखम लाल दिसली, मी घाबरले. सगळं मेलंय. रोज सांगते ते रंग खोटे आहेत.”

“माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“बुधवारी दुपारी वास गेला आणि ब्लीचचा आला. पाय मोडलाय माझा, नाक नाही.”

मग माझं डोकं फिरलं. “मग चार दिवस रंग कशाला विचारत होतात? माझा जीव टांगणीला लावून काय मिळालं तुम्हाला? बोलायचं नाही का? गेल्या चार रात्री मी धड झोपले नाहीये!”

“तू सांगशील असं वाटत होतं. रोज वाटत होतं.”

“सांगायला तुम्ही जागा ठेवली होतीत का? कोरल, कोरल, कोरल! त्या लालीचं काय होऊ शकलं असतं माहितीये तुम्हाला? तुम्हाला काही झालं असतं तर मी काय त्या दगडांशी बोलत बसणार होते?”

माझा आवाज फाटला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं त्याचाही रागच आला. हे वॉकर धरून उभे होते, त्यामुळे यांना हात पुढे करता येईना. नुसतं म्हणाले, “स्टूल आण. बसतो. आणि हातोडी-छिन्नी आण माझ्या पेटीतली.”

उपाय एकच होता. जुना दगड अजून जिवंत होता. त्याचा मोकळा भाग तोडून पांढऱ्या दगडांत ठेवला, तर त्यातले जीव हळूहळू त्यांच्यात पसरतील. पण त्याच दगडावर कोरल बसलेलं, आणि टबात पुढे होणारं विष त्याला सोसलं नसतं. एक घाव जास्त बसला, तर उरलेलं तोंडही जायचं. मी ओल्या फडक्यात दगड धरून यांच्यासमोर नेला. यांनी खडूने रेघ मारली. मग छिन्नी माझ्याकडे दिली.

“तू तोड. माझा हात कापतोय.”

मी यांच्या हाताकडे पाहिलं. मुळीच कापत नव्हता.

“मी? माझ्यावर विश्वास आहे अजून?”

“वॉर्डात ज्या पोरींना शीर सापडायची नाही त्यांना शोधून देत होतीस ना? मार. हळू.”

मी मारलं. पहिल्या घावाला काही झालं नाही. दुसऱ्याला नुसती धूळ उडाली. तिसऱ्याला दगड रेघेवर दुभंगला आणि कोरलचा भाग अख्खा माझ्या तळहातात राहिला. मी तो डब्यात ठेवला, तुकडा टबात. ती मुलगी पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती, कुणासाठी आणलाय ते विसरून.

दुसऱ्या दिवसापासून टबात रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं, ते सडू द्यायचं. सडलं की नळी पुन्हा हिरवी होते, आणि ते विष खाणारे जीव वाढायला लागतात. मी, जिने आयुष्यभर सगळं सडण्यापासून वाचवलं, ती रोज सकाळी झाकण उघडून वास येतोय का म्हणून नाक खुपसत होते. यांनी रंग विचारणं बंद केलं होतं. ते मला विचारण्यापेक्षा जास्त बोचत होतं. डब्यातली दोन तोंडं गेली. त्यांच्या जागी पांढरा सांगाडा राहिला. तिसरं मात्र एका सकाळी शर्टाच्या बटणाएवढं उघडलं.

आठव्या दिवशी मी नळी उजेडात धरली. तक्ता शेजारी धरला, दोनदा ताडून पाहिलं. मग नळी आणि तक्ता दोन्ही घेऊन आतल्या खोलीत गेले आणि यांच्या डोळ्यांसमोर धरलं.

“हिरवा,” मी म्हटलं. “फिका. वरून दुसरं घर.”

यांनी चष्मा लावला. नीट बघितलं. उशीखालून वही काढली, तारीख घातली आणि लिहिलं. माझं लक्ष वरच्या ओळींकडे गेलं. त्या चार दिवसांच्या तारखा होत्या, गुरुवार ते रविवार. तारखांपुढे काहीच नव्हतं. मी ओरडून सांगितलेल्यातला एकही रंग यांनी लिहिला नव्हता.

“द्या ती वही इकडे,” मी म्हटलं.

वॉर्डात राहून गेलेली नोंद नंतर भरायची असेल तर एक पद्धत असते. खरं होतं तेच लिहायचं, पुढे ‘उशिरा नोंद’ असं घालायचं आणि सही करायची. मी पलंगाच्या कडेला बसले. चारही तारखांपुढे ‘पिवळा’ लिहिलं, ‘उशिरा नोंद’ लिहिलं आणि प्रत्येक ओळीवर पूर्ण सही केली.