नाकावरचं मुसकं

प्रभाकरमामा सेलूहून रोहण्याला आले, ते पिशवीतला नवा पट्टा मिरवतच अंगणात शिरले. उद्या त्यांच्या मुलाची वरात, आणि नवरदेव त्यांची भाची शालू हिच्या मैना घोडीवर बसणार होता. भाड्याची घोडी कुठेही मिळाली असती, पण मामांना घरचीच हवी होती. अडचण एकच. लगाम ओढला की मैना तोंड वासायची. व्हिडिओत ते बरं दिसत नाही, म्हणे.

पट्टा रुंद होता, पितळी चांदण्या ठोकलेला. घोडीच्या नाकावरून घेऊन जबड्याखाली आवळायचा. मैनेचा रोजचा पट्टा साधा, मऊ सुती आणि ढिला. शालूला हा नवा मुळीच पटला नाही. पण मामा म्हणजे आईचा एकुलता भाऊ. ते बोलले की बाकीच्यांनी ऐकायचं, अशी रीत आईनंच या घरात पाडलेली.

मामांनी पट्टा चढवला. तेवढ्यात शालूचे बाबा, रूपराव, पुढे झाले आणि त्यांनी बक्कल आणखी दोन भोकं ओढलं.

"ढिलं राह्यलं तं निसटते," ते म्हणाले. त्यांचा जन्म बैलांमागे गेलेला. डवरणीला, म्हणजे उभ्या पिकात तण काढायला डवरा चालवताना, बैलानं पीक खाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला मुसकं बांधायचं, हे त्यांच्या हातांना पाठ होतं. तोंडावर काहीही चढवलं की त्यांच्या लेखी ते मुसकंच, मग जनावर कोणतंही असो.

शालूचं डोकं फिरलं. "बाबा, हे मुसकं नोहे. याच्याखाली दोन बोटं जाले पाह्यजेत."

"जातात ना." मामांनी गालाजवळच्या पोकळीत बोटं सारली. "हे पाह्य, दोन."

"तिथं चार बी जातीन. नाकाच्या हाडावर घालून दाखवा."

तिथं मामांचं नखसुद्धा शिरेना. "पोरीच्या जातीनं मले घोडं शिकवू नये," ते म्हणाले. आतून आईचं नुसतं "शाले" ऐकू आलं, म्हणजे आता पुरे.

शालूच्या अंगाचा तिळपापड झाला. रोज सकाळी कालव्याच्या कडेनं मैनेवर रपेट मारायची ती, आणि मामा उभ्या जन्मात घोड्यावर बसले ते एकदाच, स्वतःच्या लग्नात, तेही दोघांनी दोन बाजूंनी धरल्यावर. तिनं घरातून गुळाचा खडा आणला आणि मैनेपुढे धरला. मैनेनं तो ओठांनी टिपला, पण चावायला जबडाच हलेना. गुळाचं पाणी लाळेबरोबर गळत राहिलं, डोळे ताणले गेले आणि शेवटी खडा मातीत पडला.

रूपराव बघत होते. त्यांनी पुढे होऊन बक्कल सोडलं. बैलबाजारात शेकडो जनावरांचे दात पाहिलेला माणूस तो. मैनेची जीभ एका बाजूला धरून ते म्हणाले, "शालू, मोबाईलचा टॉर्च मार."

दाढेची कड विळ्यासारखी धारदार वाढली होती, आणि तिच्यालगतचा गाल आतून सोलून निघाला होता. लगाम ओढला की गाल दाढेवर घासायचा. नव्या पट्ट्यानं तर तो दाबूनच धरला होता.

"उद्या मैना कोठंच जात नाई," रूपराव म्हणाले. "डॉक्टर दाढ घासून देईन, मंग पाहू."

"आता ऐन वेळी?" मामा तडकले. "एवढं दुखत होतं तं आधी सांगतलं काऊन नाई कोणी?"

"मैना सांगून राह्यली होती, मामा. महिना झाला, तोंड उघडू उघडू सांगून राह्यली होती. मी बी रोज वर बसून ऐकलं नाई. अन् तुमी तं तोंड बांधाले पट्टा आणला." शालूच्या बोलण्यातला अर्धा राग तिचा स्वतःवरचाच होता.

मामांनी पट्टा पिशवीत कोंबला. या वेळी आई आतून काही बोलली नाही.

रूपरावांनी खुंटीवरचा जुना सुती पट्टा काढून मैनेला घातला. शालू बोटं घालून बघायला गेली, तशी त्यांनी तिला थांबवलं.

"तुही बोटं बारीक हायेत," ते म्हणाले. "माह्या बोटांनी मोज."

आणि त्यांनी आपला जाडजूड, भेगाळलेला हात तिच्यापुढे केला.