न विचारता गेलेली

“पोट्ट्यायले तरी पाठवून दे,” किसनराव म्हणाले.

फोनच्या पडद्यावर सासऱ्यांची टोपी आणि अर्धं कपाळ एवढंच दिसत होतं. त्यांच्या मागे नांदगाव खंडेश्वरच्या घराची ओसरी. इकडे स्पेनमधल्या सालामांका शहरात सकाळ होती. साधना घरमालकीण पिलारबाईंच्या टेबलावर दोन्ही मुलांना नाश्ता वाढत होती. तिला वाटलं, आवाज तुटतो आहे.

“काय म्हणाले, मामाजी?”

“तुले राह्यचं अशीन तं राह्य तिकडं. नातवायले काहून वनवास?”

“अहो, आम्ही जूनमध्ये येतोच आहोत. भाषेचा अभ्यास आहे माझा. परीक्षा झाली की निघणार. ह्यांनी सांगितलं ना तुम्हाला?”

“सांगतलं ना. आखाजीले सांगतलं, समद्या भावकीसमोर. म्हने, माह्यं ऐकलं नाई तिनं. न इचारता पोट्टे घेऊन गेली.”

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गावी सगळी भावकी जेवायला जमायची. सात वर्षांच्या शिवमने मध्येच फोनमध्ये तोंड घातलं. “आबाजी, इथं आलू घालून आमलेट करतात! एवढं जाड!”

“खाय बापा, खाय,” किसनराव म्हणाले आणि फोन बंद झाला.

पिलारबाईंनी विचारलं, घरी सगळं ठीक ना? साधनाने स्पॅनिशमध्ये उत्तर दिलं, ठीक आहे. वाक्य बिनचूक आलं. अकरा वर्षांची मैना आईकडे बघत राहिली.

साधना सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. होती. अमरावतीच्या घरात बसून ती पुण्याच्या एका कंपनीसाठी औषधांच्या दुष्परिणामांचे अहवाल तपासायची. कुठल्या गोळीने कुणाला पुरळ आलं, कुणाला चक्कर आली. गोळी घेतल्यानंतर झालेलं आणि गोळीमुळे झालेलं, हे वेगळं ठेवणं हेच तिचं काम होतं. कंपनीकडे आता स्पॅनिशमधले अहवाल येऊ लागले होते आणि ते वाचणाऱ्यांचा वेगळा गट होणार होता. साधना दोन वर्षं संध्याकाळच्या ऑनलाइन वर्गात भाषा शिकली. वाचता येऊ लागलं, पण कुणी भरभर बोललं की तिची गाडी अडायची. तिथे जाऊन राहिल्याशिवाय हे सुटणार नाही, असं तिच्या शिक्षिकेचं म्हणणं होतं.

तिने हे नवऱ्याला, अंकुरला, हिवाळ्यात सांगितलं होतं. सासूबाई रुख्मिणीबाई तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अमरावतीला आल्या होत्या आणि काळा चष्मा लावून स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. अंकुर ओट्याला टेकून चहा पीत होता.

“जा ना मग. पोरांनाही घेऊन जा, उन्हाळाभर ते माझं डोकं खातीन,” तो म्हणाला होता. “बाबाले मी सांगतो.”

“जाय वो बाई,” रुख्मिणीबाई म्हणाल्या होत्या. “मी तं नागपूरच्या पलीकडं गेली नाई कदी. तुमी तरी पाहून घ्या.”

त्यांनीच मग निघताना कुरडया आणि तिखट बांधून दिलं होतं.

साधनाच्या भाषाशाळेत लहान मुलांसाठीही वर्ग होता. मुलं तिथे गेल्यावर साधनाने शाळेच्या जिन्यात उभं राहून अंकुरला फोन लावला. तो पतसंस्थेत कामावर होता. मागून शिक्क्यांचा आवाज येत होता.

“तुम्ही मामाजींना काय सांगितलं?”

“अगं, ते आखाजीचं. भरल्या पंगतीत नत्थुकाकानं विचारलं, मोठी सून कुठं हाय? पितराची घागर कोन भरनार? सगळे माझ्याकडं पाहून राहिले. मी काय म्हणू? मीच बायकोले फॉरेनले पाठवली म्हणू? हासले असते लोकं.”

“म्हणून मी पळून आले?”

“पळून कोण म्हटलं? ऐकलं नाही, एवढंच म्हटलं. निघून गेलं तोंडातून. तू आली की मी सांगतो ना बाबाले. टेन्शन नको घेऊ, पेपर चांगला दे.”

साधना वर्गात गेली. त्या दिवशी तिची स्पॅनिश क्रियापदं सारखी चुकत राहिली. पण संध्याकाळी चौकात मुलं खेळत असताना तिचं मन जरा थाऱ्यावर आलं. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, माहीत आहे, असं तिने स्वतःला सांगितलं. रुख्मिणीबाईंजवळ स्वतःचा फोन नव्हता, नाहीतर तिने लगेच लावला असता. त्या समोर होत्या, त्यांनी ऐकलं होतं, त्या स्वतः जा म्हणाल्या होत्या. एक साक्षीदार पुरेसा होता. ह्याच एका गोष्टीवर तिने उरलेले आठवडे काढले, शाळेची शेवटची परीक्षा दिली आणि पास झाली.

अंकुर बडनेरा स्टेशनवर घ्यायला आला. मुलांना उचलून त्याने दोन गिरक्या घेतल्या. गाडी मात्र अमरावतीकडे न वळता यवतमाळ रस्त्याला लागली.

“बाबांनी बोलावलंय. आधी गावीच जाऊ,” तो म्हणाला. मुलं मागे झोपली आहेत हे त्याने आरशात पाहिलं. “तू एवढंच म्हण, चुकलं, विचारायला पाहिजे होतं. संपलं. कोणी कोर्टात थोडीच नेऊन राहिलं तुले?”

“तुम्ही सांगणार होता.”

“सांगतो ना. आधी त्यायचा राग तर उतरू दे.”

ओसरीवर किसनराव पलंगावर बसले होते. शेजारी खुर्चीत त्यांचे चुलतभाऊ नत्थुजी. रुख्मिणीबाई स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला पाठ लावून बसल्या होत्या. त्यांनी साधनाकडे पाहून मान हलवली. साधनाला बरं वाटलं.

“आली का परदेशची बाई,” नत्थुजी म्हणाले. “आता आमच्याशी कोनत्या भाषेत बोलशीन?”

शिवम गोठ्याकडे पळाला. मैना खांबाजवळ थांबली.

किसनराव शांतपणे बोलले. “हे पाय, मले भांडन नाई करायचं. घर तुहं हाय. पन नवऱ्याले न इचारता गेली, ते चुकलं म्हन. नत्थुसमोर म्हन, म्हंजे भावकीत मी सांगू शकतो. मंग आत जा अन् च्या मांड.”

“मामाजी, मी विचारून गेले होते.”

“अंकुर?”

अंकुर गाडीची किल्ली बोटात फिरवत होता. “जाऊ द्या ना बाबा. म्हणते ती.”

“मुलांच्या व्हिसाच्या कामाला ह्यांनी वकिलासमोर सही केली,” साधना म्हणाली. “वडिलांच्या सहीशिवाय मुलांना नेताच येत नाही.”

“सही तं माणूस घरात कटकट नको म्हनूनही करते,” नत्थुजी म्हणाले.

“पप्पाच तर म्हणाले होते जा म्हणून,” खांबाजवळून मैना बोलली.

“लहान्यायनं मधात नाई बोलू,” किसनराव म्हणाले.

साधनाने स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड केलं. आवाज चढू नये म्हणून ती सावकाश बोलली.

“आत्याबाई, तुम्ही होत्या तेव्हा. ऑपरेशनसाठी आल्या होत्या. तुरीच्या शेंगा सोलत होत्या. हे म्हणाले, जा, बाबाले मी सांगतो. तुम्हीही म्हणाल्या, जाय. सांगा ना.”

ओसरीवर सगळे रुख्मिणीबाईंकडे वळले. रुख्मिणीबाईंनी आधी अंकुरकडे पाहिलं. त्याची किल्ली थांबली होती. त्यांनी पदर खांद्यावर ओढला.

“शेंगा तं मी दर सालीच सोलतो, बाई,” त्या म्हणाल्या. “मले नाई आठोत.”

गोठ्यातून शिवमचं हसणं ऐकू आलं. अंकुरने श्वास सोडला, तो साधनाला स्पष्ट ऐकू आला. त्या श्वासातली सुटका तिला त्याच्या खोट्यापेक्षाही जास्त लागली. खोटं तिला त्या सकाळच्या फोनपासून माहीत होतं.

“एवढं एक वाक्य म्हण ना,” तो हळूच म्हणाला. “काय जाते तुहं?”

“जे झालं नाही ते कसं म्हणू?”

“मंग तुहा रस्ता मोकळा हाय,” किसनराव म्हणाले.

“हो,” साधना म्हणाली. “मी अकोल्याला आईकडे जाते. मुलं माझ्यासोबत. त्यांची शाळा सुरू झाली की अमरावतीला येईन. ह्यांना सांगायचं वाटलं तर तोवर सांगतील.”

गाडीच्या डिकीतून तिनेच बॅगा काढल्या. अंकुर मागे आला. “नाटक नको करू साधना. मी सोडून देतो स्टँडवर.”

“नको. जीप मिळते फाट्यावर.”

मैनाने शिवमला बोलावून आणलं. त्याच्या चपलेला शेण लागलं होतं, ते तिने दगडावर घासून काढलं. निघताना वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचं, हे साधनाने कधी चुकवलं नव्हतं. आजही ती परत ओसरीवर चढली. किसनरावांच्या पाया पडली. ते तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिले. नत्थुजींच्या पाया पडली. ते सवयीने “सुखी राह्य” म्हणून गेले आणि मग खोकले.

रुख्मिणीबाई अजून चौकटीतच बसल्या होत्या. साधना त्यांच्यासमोर वाकली. हात खाली पोचायच्या आत रुख्मिणीबाईंनी पाय आखडले, गुडघे छातीशी घेतले आणि लुगड्याच्या काठाखाली दोन्ही पावलं झाकून टाकली. त्यांनी वर पाहिलं नाही.

साधना क्षणभर तशीच वाकलेली राहिली. पाय जिथे होते तिथल्या फरशीला तिने हात लावला. फरशी अजून ऊबदार होती. तो हात कपाळाला लावून ती पायऱ्या उतरली.