एकतीस मेचं इंजिन

रेणुकादास सरांनी नांदेडच्या कॉलेजात एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आणि तेवढ्या वर्षांत त्यांचा एकही प्रयोग वर्गासमोर धड झाला नाही. फळ्यावर सगळं बरोबर यायचं, टेबलावर आलं की माशी शिंकायची. पोरं आधीच हसायच्या तयारीनं बसत. सरही हसून घ्यायचे, पण मनाला फार लागायचं. निदान निवृत्तीच्या दिवशी तरी सगळ्यांदेखत एक गोष्ट चालावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

त्यासाठी त्यांनी एक खास तार मागवली. ही तार वाकवली तर मुकाट वाकते, पण गरम झाली की मूळचा आकार आठवून ताडकन सरळ होते. गार झाली की पुन्हा मऊ. दोन चाकांवर तिचा वेढा चढवायचा आणि खालचं चाक गरम पाण्यात ठेवायचं. तार पाण्यात ताठ होते, वर हवेत मऊ पडते, आणि या ओढाताणीत चाकं फिरतात. वीज नको, डिझेल नको. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या जिलानीभाईंनी पितळेची चाकं घडवून दिली. जानेवारीत गच्चीवर ते इंजिन असं पळालं की सरांच्या पत्नी प्रेमलाबाई तव्यावरची पोळी विसरल्या. सरांनी लगोलग निरोप समारंभाच्या पत्रिकेत 'प्रात्यक्षिक' छापायला सांगितलं.

समारंभ मात्र मे महिन्यात. सर जन्मले पौषात, कडाक्याच्या थंडीत. पण लोहा गावच्या शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांची लिहीत तशी त्यांचीही जन्मतारीख एक जून ठोकून दिली. एक जूनवाला एकतीस मेला निवृत्त होतो. सरकारला पौषाशी काय देणंघेणं!

त्या दिवशी बाहेर चव्वेचाळीस अंश होते आणि कॉलेजचा हॉल पत्र्याचा. सरांनी थर्मासमधलं गरम पाणी ओतलं, चाकाला बोट लावलं. चाक अर्धं फिरलं आणि थांबलं. पुन्हा बोट, पुन्हा अर्धं. मागच्या रांगेतून ओळखीचं हसू आलं. प्राचार्य हणमंतराव भला माणूस. राहू द्या, आधी सत्कार उरकू, म्हणाले आणि त्या उकाड्यात त्यांनी सरांना लोकरीची शाल पांघरली, हातात नारळ दिला. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, निरोपाचं आहे.

जिलानीभाई मंचावर चढून चाक निरखत होते. वरच्या तारेला बोट लावून ते हळूच म्हणाले, "सर, ही वरची तारबी गरमच हाय की. थंड व्हायला हिला जागा कुठं हाय?"

गरम आणि गार यांत फरक नसेल तर इंजिन चालत नाही, हे वाक्य सरांनी दरवर्षी पोरांना लिहून दिलं होतं.

त्यांनी नारळ प्राचार्यांच्या हातात दिला, शाल उतरवली, मंचामागच्या रांजणात बुचकळली आणि पिळून वरच्या चाकालगत अशी धरली, की तार तिच्या ओल्या घडीतून सरकावी. सत्काराच्या शालीचे हे हाल बघून प्राचार्यांचा चेहरा उतरला. चाक एकदा पुरं फिरलं. मग दोनदा. मग मोजता येईना, आणि पहिल्या रांगेवर पाणी उडायला लागलं. प्रेमलाबाईंनी पदरानं तोंडही पुसलं नाही. मागची रांग खुर्च्या सोडून पुढे आली.

फोटोवाल्याला शालीसकट फोटो हवा होता. सर, जरा पांघरून उभे राहा, असं तो तीनदा म्हणाला.

"थांबा हो," सर म्हणाले. "चालू आहे ते."