बाग हवी, पण बेताची

बाग आखणारीकडे आजवर लोकांनी खूप काही मागितलं होतं. कमी मागणारे मात्र ती पहिल्यांदाच बघत होती. जुन्या मालधक्क्याच्या रिकाम्या जागेवर पालिका बाग करणार, म्हणून तिने शेजारच्या गल्लीतल्या भाडेकरूंना शाळेत बोलावलं होतं. कारंजं? नको. दिवे? मिणमिणते चालतील. बाकं? मोडकी असली तरी हरकत नाही. एका आजोबांनी तर कचराकुंडी तेवढी समोरच ठेवा म्हणून हात जोडले.

आता ही माणसं वेडी म्हणावीत, तर बोलत होती अगदी शहाण्यासारखी. तिला काही केल्या चैन पडेना. दुसऱ्या दिवशी तिने शिंपीणबाईंचं दार वाजवलं. सगळ्यात मोठ्याने 'नको' त्याच म्हणाल्या होत्या.

"बाई, खरं सांगा, तुम्हाला बाग का नको?"

"नको कोण म्हणतं? बागेसाठी जीव टाकतोय आम्ही." बाईंनी शिलाई मशीन थांबवलं. "पण परवा घरमालक स्वतः उभा राहून जिना रंगवून घेत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! वर माझी तब्येतही विचारली मेल्याने. तेव्हाच मी ओळखलं. माझ्या बहिणीच्या दारातला तलाव असाच देखणा केला, भाडी चढली, आणि वर्षाच्या आत तिला गाशा गुंडाळावा लागला. म्हणून सगळ्यांनी ठरवलं, बाग घ्यायची, पण बेतास बात."

बाग आखणारीला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. कारंज्याच्या पाण्याचा उतार तिने पुन्हा पुन्हा तपासला होता. समोरच्या घरांत कोण राहतं, कशाच्या भरवशावर राहतं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

तिने पालिकेतल्या साहेबांपुढे हट्टच धरला: आधी घरं, मग बाग. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, घरमालकांनी आढेवेढे घेतले, पण अखेर करार झाला. इमारतींची दुरुस्ती पालिका करणार. त्या बदल्यात वीस वर्षं कुणाला घर सोडायला लावायचं नाही, भाडंही मनाला येईल तसं वाढवायचं नाही. सह्या झाल्यावरच तिने पुन्हा बैठक बोलावली.

करार वाचून झाला तरी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. विश्वास बसायला वेळ लागतो. मग शिंपीणबाई उठल्या.

"झाडं कोणती लावणार?"

"भराभर वाढणारी," ती उत्साहाने म्हणाली. "दोन वर्षांत सावली!"

"छे, छे. चांगली सावकाश वाढणारी लावा," बाई म्हणाल्या. "आम्हाला आता कुठे जायचंय?"