दसऱ्यातली छाटणी

भीमसेनच्या हाती कात्री आली की त्याला गप्प बसवत नसे, तिथंच सगळं नडलं.

माणूस मूळचा तासगावचा, द्राक्षांच्या बागेत वाढलेला. हुबळीत कापडाचं दुकान, उणकलला नवं घर आणि मागं एका पडक्या विहिरीशी चार फळझाडं. त्यातलं हापूसचं कलम म्हणजे बायकोचा, कुसुमावतीचा जीव की प्राण. तिच्या वडिलांनी, अप्पांनी स्वतः लावून दिलेलं. "पहिला आंबा माझ्या हातावर ठेव," म्हणाले होते. आता अप्पांनी अंथरूण धरलेलं, कुसुमावती त्यांच्या उशाशी तासगावला, आणि यंदा झाड पहिल्यांदा मोहरायचं होतं.

बायको परत आल्यावर खूश होईल म्हणून दसरा होताच पठ्ठ्यानं द्राक्षाची करतात तशी फळछाटणी केली. शेंडे सपासप उडवले! कुंपणापलीकडून शकुंतलाअक्का ओरडल्या, "अय्यो भीमसेनअण्णा, आत्ता आंबा छाटतं का कुणी? यंदाचा मोहोर त्याच शेंड्यांवर यायचा होता की!"

भीमसेननं कात्री पाठीमागं लपवली.

कुसुमावती आली आणि झाड बघून उलट खूशच झाली. तीही द्राक्षवाल्यांचीच लेक ना! "बरं केलंत. आता भरून मोहोर येईल," म्हणाली आणि लगेच अप्पांना फोन करून तसं सांगून मोकळी झाली. आता खरं सांगायचं कुठल्या तोंडानं? भीमसेनला अन्न गोड लागेना. दुकानात गिऱ्हाईकानं साडी मागितली तर हा धोतर काढून दाखवी. रोज उठून झाडाकडं बघावं, तर नुसती तांबडी पालवी.

संक्रांत आली. गल्लीतले सगळे आंबे मोहरले, यांचं झाड ढिम्म. तिकडून अप्पांचा फोन, "आला का गं मोहोर?" शेवटी भीमसेनला राहवेना. झाडाखालीच त्यानं सगळं कबूल केलं.

"माझ्यामुळं झालं, कुसुम. मी गाढव आहे."

ती तडक झाडाला वळसा घालून मागच्या पडक्या विहिरीकडं गेली. "कुसुम, अगं!" भीमसेन ओरडला.

"अहो, इकडं या!"

विहिरीवर झुकलेली एक फांदी मोहोरानं लगडली होती.

"ही कशी राहिली?"

"खाली विहीर ना," तो पुटपुटला. "मला भ्या वाटलं. ह्या बाजूला मी येतच नाही."

कुसुमावतीनं पदर डोळ्यांना लावला, फांदीकडं बघून हात जोडले.

"देवा, माझ्या नवऱ्याला असाच भित्रा ठेव."